गावाचे स्वत्व आणि शेजारधर्म

लहान गावास आपला कारभार आपणच पाहण्याचा हक्क देवाने दिलेला आहे काय? आणि तो हक्क जर भोवतालच्या मोठ्या समाजाने बहुमताच्या जोरावर काढून घेतला, तर त्यास अन्याय म्हणावे किंवा सुव्यवस्था म्हणावे? हा प्रश्न वरवर पाहता सरकारदरबारचा दिसतो, आणि मंडळीच्या पत्रात त्यास जागा कशाला, असे कोणी विचारील. परंतु जेथे काही माणसे मिळून एखादा भार वाहतात, तेथे त्या भाराचा हिशेब माणसांपुढेच नव्हे तर प्रभूपुढेही द्यावा लागतो. म्हणून हा प्रश्न आमचाही आहे. कोरड्या तत्त्वांवर वाद घालण्यापेक्षा खरोखर घडलेल्या एका गोष्टीवरून त्याचा विचार करणे बरे, असे आम्हांस वाटते. ती गोष्ट दूरदेशची आहे खरी, पण तीतील माणसे शेतकरी व गुराखी आहेत, आणि त्यांच्या गावी प्रॉटेस्टंट उपासना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

युरोप खंडात स्वित्झर्लंड नावाचा डोंगराळ देश आहे. त्याचे जे लहान लहान प्रांत आहेत, त्यांस कँटन म्हणतात. त्यांतला ग्लारुस हा एक. पुढे झुरिक शहरात ज्याच्या हातून धर्मसुधारणेचे मोठे कार्य झाले, तो उल्रिख झ्विंग्ली 1506 पासून 1516 पर्यंत ह्याच प्रांताच्या मुख्य गावी धर्मगुरूचे काम करीत होता. ह्या प्रांतात सेर्न्फ नावाच्या नदीची एक अरुंद दरी आहे, आणि तिच्या अगदी वरच्या टोकास, समुद्रसपाटीपासून सुमारे 980 मीटर उंचीवर, एल्म हे गाव आहे. त्या दरीत त्यापलीकडे दुसरे गाव नाही. पुढे केवळ कुरणे, कडे व बर्फ. वस्ती हजाराच्या आत. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांवर न्यावयाची, तेथेच झोपडीत राहून दुधाचे चीज करावयाचे, आणि खाली उभ्या उतारांवर गवत कापून, वाळवून, हिवाळ्याच्या बेगमीस कोठारात भरावयाचे, असा तेथील शेतकऱ्याचा जुना क्रम आहे. नांगराला तेथे फारसे काम नाही; विळा व दाताळे हीच मुख्य औते.

ह्या गावासमोरच्या डोंगरास आरपार एक भोक आहे. त्यास मार्टिनचे भोक म्हणतात. एका संताने मेंढरे चोरणाऱ्या राक्षसावर आपली काठी फेकली आणि तिने डोंगर भेदला, अशी लोककथा आहे; ती आम्ही लोककथा म्हणूनच सांगतो. परंतु हे मात्र खरे की वर्षातून दोन वेळा, मार्चच्या मध्यास व सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, सूर्य कड्यामागे असतानाच त्याचे किरण त्या भोकातून निघून थेट एल्मच्या जुन्या देवालयावर पडतात, आणि बाकीची दरी तेवढा वेळ सावलीतच असते. ज्या गावावर प्रभात अशी वेगळी होते, त्या गावाच्या लोकांनी आपल्यास काहीसे वेगळे मानले, तर त्यात नवल नाही.

स्वित्झर्लंडातील ग्रामसत्ता आमच्या ग्रामपंचायतीहून पुष्कळ समर्थ असते. गाव स्वतः कर बसवते, आणि गावचे मतदार एकत्र बसून जमाखर्च मंजूर करतात. ग्लारुस प्रांतात तर एकाच गावात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या सभा होत्या: रस्ते व पाणी पाहणारी वेगळी, शाळा चालवणारी वेगळी, गरिबांची काळजी वाहणारी वेगळी, आणि जुन्या रहिवाशांच्या सामाईक जंगल-कुरणांची वेगळी. आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. त्या देशात मनुष्याच्या पारपत्रावर त्याचे जन्मस्थान लिहीत नाहीत. त्याचे मूळगाव लिहितात. पूर्वी ह्या मूळगावाचा अर्थ फार गंभीर होता. मनुष्य देशात कोठेही जाऊन राहो; तो कंगाल झाला, तर त्यास पोसण्याची जबाबदारी त्याच्या मूळगावावर असे. म्हणजे गाव हे केवळ घरांच्या पुंजक्याचे नाव नव्हते. तो एक करार होता.

आता काय घडले ते सांगतो. ग्लारुस प्रांताचे कायदे एका मोठ्या सभेत होतात. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रांताचे मतदार मुख्य गावी उघड्या मैदानावर जमतात. ज्यास बोलावयाचे असेल तो पुढे येऊन बोलतो, आणि मग हात वर करून निर्णय होतो. ह्या सभेस हलकी समजू नये. कारखान्यांतील प्रौढ मजुरांकडून दिवसास बारा तासांहून अधिक काम घेऊ नये, हा कायदा हिनेच 1864 साली केला, आणि तेव्हा युरोपात असे कायदे विरळा होते. ह्याच सभेपुढे 7 मे 2006 रोजी असा प्रश्न आला की प्रांतातील 25 गावांच्या सत्ता ठेवाव्या किती. कोठे कारभारास माणसे मिळेनाशी झाली होती. कोठे तिजोरी रिकामी होती. आणि वरून येणाऱ्या कायद्यांचे काम तर दरवर्षी वाढतच होते. प्रांताच्या कारभाऱ्यांनी सुचवले की 25 च्या जागी 10 कराव्या. तेव्हा मतदारांपैकी एक साधा नागरिक उठला व म्हणाला की 10 नव्हे, 3 च कराव्या. आणि सभेने त्याचे ऐकले. लोक चकित झाले. विरोधकांनी प्रश्न पुन्हा उभा केला, म्हणून 25 नोव्हेंबर 2007 रोजी खास सभा भरली, आणि तिनेही तोच निर्णय कायम केला. 1 जानेवारी 2011 पासून एल्म गावची सत्ता संपली. इतर बारा गावांसह ते दक्षिण ग्लारुस नावाच्या पालिकेत विलीन झाले. ही पालिका सुमारे 430 चौरस किलोमीटरांची, आणि त्या वेळी क्षेत्रफळाने सबंध देशात सर्वांत मोठी होती.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या देशाच्या अनेक प्रांतांत गावे जोडावयाची तर प्रत्येक गावाचे मत वेगळे घेतात. ग्लारुसात तसे झाले नाही. सबंध प्रांताने मिळून सबंध प्रांतासाठी ठरवले. एल्मचा प्रत्येक मतदार त्या मैदानावर हजर असता व त्याने विरोधात हात वर केला असता, तरी दरीच्या खालच्या अंगास राहणाऱ्या बहुजनांपुढे त्याचे काही चालले नसते. मग ज्याचे घर त्याच्या संमतीवाचून मोडले, त्याचे समाधान कोणत्या न्यायाने करावे?

ज्यांस शास्त्र ठाऊक आहे, त्यांच्या मनात येथे नाबोथाचा द्राक्षमळा आल्यावाचून राहणार नाही. अहाब राजाने त्यास त्याहून चांगला मळा देऊ केला, नाही तर रोख मोल देऊ केले. व्यवहाराच्या दृष्टीने नाबोथाचे काहीच नुकसान नव्हते. पण वाडवडिलांचे वतन हे विकत देण्याजोगे नव्हे, असे तो म्हणाला, आणि शास्त्राने त्याचाच पक्ष घेतला. एल्मच्या माणसासही खालून असेच सांगितले गेले की कर कमी-अधिक होईल, कारकून अधिक शिकलेले मिळतील, रस्ता नीट राहील. तोही म्हणू शकला असता की माझ्या बापाने ह्या सभेत हात वर केला, त्याच्या बापाने केला. हा हात मी काय किमतीस विकू?

तरी आम्ही ह्या दोन गोष्टी एक मानीत नाही. अहाबाने स्वतःचे काही न सोडता दुसऱ्याचे घेतले, आणि घेतले ते भाजीपाला लावण्यासाठी. ग्लारुसच्या सभेत ज्यांनी हात वर केले, त्यांनी आपलीही गावे त्याच तराजूत घातली. 25 पैकी एकही जुनी सत्ता उरली नाही. जो दुसऱ्याचाच कुंपणबांध काढतो तो लुटारू. जो आपलाही काढतो त्याच्याशी निदान बोलता येते. पण तराजूही सारखा नव्हता, हे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. मुख्य गाव ग्लारुस ह्याने आपली सत्ता मोडली खरी, तरी नव्या पालिकेस नाव त्याचेच राहिले. दरीच्या टोकाच्या गावचे नाव मात्र कारभारातून पुसले गेले. सारख्या त्यागात सर्वांचे सारखेच जाते असे नाही, आणि ज्याचे कमी जाते तोच बहुधा त्यागाची थोरवी अधिक गातो. ही गोष्ट पुढारी लोकांनी विसरू नये.

आता दुसरी बाजू. लहान गाव म्हणजे प्रीतीचे माहेर, आणि मोठी पालिका म्हणजे कागदांचा गोठा, असे म्हणणे सोपे आहे. पण ह्याच दरीचा इतिहास तसे म्हणू देत नाही.

मूळगावाने आपल्या कंगालास पोसावे, असा करार होता म्हणून आम्ही वर लिहिले. पण गावच कंगाल झाले तर? गेल्या शतकाच्या मागच्या शतकात, 1840 च्या सुमारास, ग्लारुसच्या गावांत उपासमार पडली. हातमागाचे काम यंत्रांनी नेले आणि जमीन माणसांस पुरेना. तेव्हा तेथील गावांनी व प्रांताने काय केले? त्यांनी पैसा जमवून आपल्या गरिबांस अमेरिकेस पाठवले. एप्रिल 1845 मध्ये सुमारे 190 जण, बायकामुले घेऊन, निघाले. वाटेत कोणी मेले, कोणी इतरत्र राहिले. ऑगस्टात विस्कॉन्सिनच्या रानात जे पोहोचले ते 108. तेथे त्यांनी न्यू ग्लारुस नावाचे गाव वसवले. ते आजही आहे. त्यांस पाठवणारे निर्दय होते असे आम्ही म्हणत नाही. भार खांद्याहून मोठा झाला होता, एवढेच. ज्या खांद्यास आपल्या भावाचा भार पेलत नाही, त्याने एकटेच राहण्याचा आग्रह धरला, तर तो आग्रह शेवटी कोणाच्या जिवावर चालतो? त्या 190 जणांस समुद्रापलीकडे लावून गावाचे स्वत्व अबाधित राहिले, हे विसरून चालणार नाही.

आणि एल्मची स्वतःची एक फार दुःखाची हकीकत आहे. गावावरच्या डोंगरात काळी पाटीची फरशी सापडते. शाळा सर्वत्र निघू लागल्या तशी मुलांच्या पाट्यांस मागणी वाढली, आणि ह्या दरीतील दगड देशोदेशी जाऊ लागला. एल्मच्या लोकांनी डोंगराच्या पायथ्याशी खाण घातली, आणि पुढे ती गावाने आपल्याच हाती घेतली. ज्यांस हिवाळ्यात दुसरे काम नव्हते त्यांस मजुरी मिळाली, गावच्या तिजोरीत पैसा आला. पण खाणीची विद्या कोणास नव्हती. डोंगर खालून पोखरला गेला, वर भेगा पडल्या, दगड सुटू लागले. 10 सप्टेंबर 1881 रोजी बाहेरचा वनाधिकारी व गावचे कारभारी वर जाऊन पाहून आले, आणि त्यांनी ठरवले की तूर्त भय नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सायंकाळच्या सुमारास डोंगराचा एक भाग कोसळला; काही मिनिटांनी दुसरा; आणि लोक खालच्या वाडीतील घरे रिकामी करण्यास, म्हाताऱ्यांस व मुलांस बाहेर काढण्यास धावले असता तिसरा. सुमारे 1 कोटी घनमीटर दगड खाली आला. मेलेल्यांची संख्या 115 सांगतात, आणि त्यांत जे केवळ शेजाऱ्याच्या मदतीस गेले म्हणून मेले, असे पुष्कळ होते.

ह्या हकिकतीचा वृत्तांत आल्बर्ट हाइम नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने व ग्लारुसच्या एर्न्स्ट बुस नावाच्या पाळकाने मिळून लिहिला, आणि तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. हेच पाळकसाहेब पुढे 1884 मध्ये स्थापन झालेल्या व जपान-चीन देशांत काम करणाऱ्या एका मिशनचे पहिले अध्यक्ष झाले. मिशनच्या कार्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या हातून आपल्या प्रांतातील मेलेल्यांची नोंदही इतक्या काळजीने झाली, हे आम्हांस विशेष वाटते. दूरच्या आत्म्यांची कळकळ असणारा मनुष्य जवळच्या मढ्यांकडे पाठ फिरवतो, असा जो आरोप मिशनरी लोकांवर कधी कधी होतो, त्यास हे एक उत्तर आहे. असो.

ह्या एका दिवसात आमच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आहेत. गाव आपला कारभार आपण पाहत होते. भेगा त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. डोंगर त्यांचा, मुले त्यांची. तरी त्यांस दिसले नाही, कारण त्या डोंगरातून मजुरी येत होती. जवळचा डोळा सर्वांत चांगले पाहतो हे खरे. पण त्या डोळ्यात फायद्याचे कुसळ गेले, तर तो दूरच्याहून अधिक आंधळा होतो. मात्र बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यानेही पाहिले, आणि तोही चुकला. तेव्हा शहाणपण लहान सत्तेत असते किंवा मोठ्या सत्तेत असते, हा वाद ज्यास करावयाचा असेल त्याने एल्मच्या दगडांच्या राशीवर उभे राहून करावा. पण पहिला कडा कोसळल्यावर जे धावले, त्यांस कोणत्याही सत्तेने हुकूम केला नव्हता. त्यांस आत कोण म्हातारे अंथरुणावर आहे, कोणत्या घरात मूल निजले आहे, हे ठाऊक होते. ते ज्ञान कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते.

आमच्या मते विचाराची गाठ येथे आहे. गावाच्या स्वत्वात दोन गोष्टी एकत्र विणलेल्या असतात, आणि आपण त्यांस एकच समजतो. एक अधिकार: कर घेणे, शाळा चालवणे, रस्ता बांधणे, जंगल राखणे. दुसरी ओळख: कोण आजारी, कोण भुकेले, कोणाच्या घरी दिवा लागला नाही. पहिली गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात देता येते. ती देवाने कोणा एका गावास सनद करून दिलेली नाही. भार वाहता यावा म्हणून ती असते, आणि भार वाहवत नसेल तर ती समर्थ हातात देण्यात पाप नाही, उलट न देण्यातच कधी पाप असते. दुसरी गोष्ट मात्र कोणास देताच येत नाही. ठराव करूनही ती पालिकेकडे जात नाही. ती गावातच राहते, नाही तर मरते.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटल्या अध्यायात एक चमत्कारिक गोष्ट आहे. तो प्रथम सांगतो की एकमेकांचे ओझे वाहावे. आणि काही ओळींनंतर सांगतो की प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा. कित्येक उपदेशकांस ह्यात विरोध वाटतो, व ते एकच वचन घेऊन उपदेश करतात, दुसरे सोडून देतात. आम्हांस हा विरोध वाटत नाही. काही ओझी अशी असतात की ती एकट्या माणसाने, एकट्या गावाने, एकट्या मंडळीने वाहू म्हटले तर ती तिला चिरडतात. आणि काही भार असे असतात की ते दुसऱ्यावर टाकले की ते भारच उरत नाहीत, त्यांचे नुसते कागद होतात. कोणता भार कोणत्या जातीचा, हे ओळखणे हेच समंजसपणाचे काम आहे.

नहेम्याने यरुशलेमाचा कोट बांधला, ती हकीकत ह्याहूनही बोलकी आहे. त्या तिसऱ्या अध्यायात नुसती नावेच नावे आहेत म्हणून लोक तो वाचीत नाहीत. पण तो वाचण्याजोगा आहे. काम सबंध नगराचे होते. यरीहोचे लोक आले, गिबोनचे आले. ज्यांची घरे त्या कोटाच्या आत नव्हती त्यांनीही दगड वाहिले. म्हणजे गावोगावच्या सीमा मोडून एक मोठे काम झाले. तरी त्याच यादीत पुन्हा पुन्हा हे येते की अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला, तमक्याने आपल्या कोठडीसमोरचा. मोठ्या कामाने घरासमोरची जबाबदारी पुसली नाही. आणि तकोवा गावच्या थोरामोठ्यांची अपकीर्ती तेथे कायमची नोंदली गेली आहे, ती त्यांनी कोटाच्या योजनेस विरोध केला म्हणून नव्हे. त्यांनी मान वाकवून काम केले नाही म्हणून.

ह्या दृष्टीने पाहता एल्मच्या लोकांवर अन्याय झाला काय? आमचे उत्तर असे आहे की त्यांचे मत वेगळे विचारले गेले नाही, ही उणीव झाली. पण सत्ता विलीन होणे हाच अन्याय, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या प्रांतात 1623 पासून प्रॉटेस्टंट व काथलिक मतदारांच्या सभाही निराळ्या भरत, आणि त्या 1836 च्या राज्यघटनेने एक केल्या, तेथे एकीकरणाची वेदना नवीन नव्हती. त्या वेळीही काथलिक लोकांनी फार तक्रार केली, व ती निष्कारण नव्हती, कारण ते संख्येने थोडे होते. पण आज त्या दोन सभा पुन्हा वेगळ्या कराव्या, असे म्हणणारा आमच्या ऐकण्यात नाही. देशभर हाच ओघ आहे: 1990 साली स्वित्झर्लंडात गावसत्ता 3,000 वर होत्या, आता त्या 2,100 च्या सुमारास आहेत.

अन्याय होईल तो पुढे, आणि तो दोन दारांनी येऊ शकतो. एक दार मोठ्या पालिकेचे. गावाच्या मालकीची जंगले व कुरणे तिच्या नावावर गेली. आता जे गाव दरीच्या टोकास आहे, ज्याची मते थोडी आहेत, त्याचा रस्ता बर्फाने बंद झाला तर तो शेवटी साफ करावयाचा की आधी? ज्याने वतन घेतले त्याने वतनाबरोबरचा भारही घेतला, हे त्याने आपल्या मनावर कोरून ठेवावे. दुसरे दार गावाचेच, आणि त्याचे भय आम्हांस अधिक वाटते. पूर्वी ओढ्यावरचा पूल मोडला तर शेतकरी कुऱ्हाड घेऊन जात असे, कारण पूल गावाचा, म्हणजे त्याचा. आता तो म्हणेल, पूल पालिकेचा. पूर्वी शेजारणीच्या चुलीतून धूर निघाला नाही तर कोणी डोकावत असे. आता म्हणतील, त्यासाठी खाली कचेरी आहे, पगारी माणसे आहेत. असे म्हणताना कोणी खोटे बोलत नाही. कचेरी खरोखरच आहे. म्हणूनच हा मोह कठीण आहे.

आमच्या मंडळ्यांस ही गोष्ट परकी वाटू नये. ज्या मंडळ्या मिशनांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत स्थापिल्या, त्यांनाही एकीकरणाचा अनुभव आहे. 1924 साली संयुक्त उत्तर हिंदुस्थान मंडळी झाली, तीत अहमदनगरकडील मंडळ्या सामील झाल्या. आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा बिशपांच्या व्यवस्थेचा ज्यांस परिचय नव्हता त्या मंडळ्याही तिच्या घरात आल्या. ही जोडणी प्रभूच्या प्रार्थनेस अनुसरून होती, असे आम्ही मानतो. पण तिच्याबरोबर तोच मोहही आला, हे कोण नाकारील? पाच गावांस मिळून एक पाळक. तो महिन्यातून एकदा येतो. मध्यंतरी कोणी आजारी पडले तर गावचे वडील म्हणतात, पाळकसाहेबांस निरोप पाठवा. निरोप जातो; पाळकसाहेब दुसऱ्या गावी असतात. आजाऱ्याच्या दाराशी मात्र वडिलांपैकी कोणी गेलेले नसते, जरी ते दार त्यांच्या अंगणातून दिसते. पूर्वी मंडळी लहान व एकटी होती, तेव्हा उपदेशकास पगार थोडा व कधी थकलेलाही; पण रात्री कंदील घेऊन जाणे हे त्याचेच काम होते, आणि त्याच्या गैरहजेरीत ते बायबल-बाईचे होते, आणि तीही नसली तर पहिल्या जागलेल्या माणसाचे होते.

जुने दिवस परत आणावे, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या लहान मंडळीतही भाऊबंदकीच्या भेगा होत्या, आणि एखादे प्रतिष्ठित घराणे मंडळीचे धान्यदान आपल्याच मर्जीने वाटी, तेव्हा दाद मागावी कोठे, हे विधवेस कळत नसे. आज बाहेरचा तपासणारा येतो, हे त्या विधवेच्या हिताचे झाले आहे. परंतु धान्य कोणास हवे आहे हे तपासणारा कागदावरून सांगू शकत नाही. ते तिची शेजारीणच सांगेल.

म्हणून ज्या मंडळ्या अलीकडे एका पाळकाखाली जोडल्या गेल्या आहेत, किंवा लवकरच जोडल्या जाणार आहेत, त्यांच्या वडिलांनी व उपदेशकांनी आपला अनुभव आम्हांस अवश्य लिहून कळवावा. जोडणीच्या सभेत लहान मंडळीचे मत वेगळे विचारले गेले काय. तिच्या नावची जमीन अथवा शाळेची खोली असल्यास ती आता कोणाच्या ताब्यात आहे, व तिचे छप्पर कोण शाकारतो. आणि विशेषेकरून, पाळक गावात नसता आजाऱ्यांच्या भेटीस व रात्री-अपरात्रीच्या मातीस कोण जाते, हे लिहावे. पत्रे आटोपशीर असावी, आणि ज्यांच्याविषयी तक्रार असेल त्यांची नावे लिहू नयेत.